गुडघा बदलला, आता पुढचे बारा आठवडे

गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया करून घरी परतलेल्या मंडळींचे प्रश्न वर्षानुवर्षं तेच असतात. ‘महिना झाला, अजून सूज का आहे?’ ‘रात्री झोप लागत नाही, आत काही बिघडलं तर नाही ना?’ ‘शेजारच्या काकू तीन आठवड्यांत जिना चढल्या, माझा अजून वॉकर सुटत नाही.’ ‘फिजिओथेरपीच्या दहा भेटी संपल्या, आता व्यायाम बंद केला तर चालेल का?’ घरच्यांचा प्रश्न वेगळा असतो. ‘आईला इतकं दुखतंय, तरी रोज व्यायाम करायलाच लावायचा का?’

शस्त्रक्रिया झाली म्हणजे काम झालं, आता पडून राहिलं की गुडघा आपोआप सुधारेल, असा समज या साऱ्या प्रश्नांच्या मुळाशी असतो. प्रत्यक्षात सर्जन दीड-दोन तासांत झिजलेला सांधा बदलून देतात. तो पुरेसा वाकावा, पूर्ण सरळ व्हावा आणि तुमचं वजन त्यानं पेलावं, हे काम त्यानंतर सुरू होतं. ते रोज थोडं थोडं करावं लागतं. त्यात घाई चालत नाही आणि सुट्टीही चालत नाही. ते कसं करायचं, कुठे थांबायचं आणि कोणत्या गोष्टी हक्कानं मागायच्या, हे पुढे दिलं आहे. हाड नाजूक असल्यानं किंवा दुसऱ्या काही कारणानं तुमच्या सर्जननी वेगळी सूचना दिली असेल, तर मात्र तीच पाळा.

आधी ध्येय नेमकं ठरवा

‘पूर्वीसारखं चालायचंय’ हे ध्येय फार मोघम आहे. ते गाठलं की नाही हे कळत नाही आणि मग रोजच निराशा पदरी पडते. गुडघा किती वाकतो हे अंशांत मोजतात. कोणत्या कामाला साधारण किती अंश लागतात, ते असं:

- सपाट रस्त्यावर चालायला ६५ ते ७० अंश
- जिना चढायला ८० ते ९०, उतरायला ९० ते १०० अंश
- नेहमीच्या उंचीच्या खुर्चीवरून नीट उठायला १०० च्या आसपास
- उकिडवं किंवा मांडी घालून बसायला १३० किंवा त्याहून अधिक

बहुतेकांचा नवा गुडघा ११० ते १२० अंशांपर्यंत वाकतो. म्हणजे बाजार, देऊळ, बसचा प्रवास, दोन जिने, नातवाला शाळेत सोडणं हे सगळं त्यात बसतं. जमिनीवर मांडी घालून जेवायला बसणं काहींना जमतं, सगळ्यांना नाही. शस्त्रक्रियेआधी तुमचा गुडघा किती वाकत होता, यावरही नंतरचा आकडा बराच अवलंबून असतो. आधी तो जेमतेम ९० अंश वाकत असेल, तर ११० ही मोठी कमाई आहे. हे आधीच माहीत असलेलं बरं.

वाकण्याइतकंच सरळ होणं महत्त्वाचं आहे, आणि याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. गुडघा पूर्ण सरळ म्हणजे शून्य अंशावर आला नाही, तर चालताना लंगडणं राहतं. मांडी लवकर थकते आणि पुढे कंबर दुखू लागते. म्हणून डिस्चार्ज घेतानाच सर्जनना किंवा फिजिओथेरपिस्टना दोन आकडे विचारा: आज किती वाकतो आणि किती सरळ होतो. वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून ते लिहा.

बारा आठवडेच का?

शस्त्रक्रियेनंतर सांध्याभोवती भरून येणारी नवी ऊती तयार होत असते. ओल्या गिलाव्यासारखी ती सुरुवातीला हवी तशी वळते, सुकली की वळत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत गुडघा रोज हलता राहिला तर ही ऊती लवचीक राहते. नाही हलला, तर सांधा आखडतो. आखडलेला गुडघा भूल देऊन मोकळा करावा लागला, तर तेही साधारण पहिल्या बारा आठवड्यांत केलेलं चांगलं. उशीर होईल तसा त्याचा उपयोग कमी होत जातो.

दुसरं कारण मांडीच्या पुढच्या स्नायूचं. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात त्याची ताकद आधीच्या निम्म्यावर, काहींची त्याहूनही खाली येते. पाय ‘आपला वाटत नाही’, उभं राहताना धीर होत नाही, त्याचं कारण हे आहे. ही ताकद गोळीनं किंवा मालिशनं परत येत नाही. त्यासाठी स्नायूला रोज काम द्यावं लागतं.

रोजचा कार्यक्रम

एकदाच तासभर व्यायाम करून दमण्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटं करणं चांगलं. गुडघा सुजत नाही, आणि एखादी वेळ हुकली तरी दिवस वाया जात नाही. वेळा घरातल्या ठरलेल्या कामांना बांधून घ्या: सकाळच्या चहानंतर, जेवणाआधी, दुपारी उठल्यावर, रात्रीच्या बातम्यांच्या वेळी. ‘जमेल तेव्हा करीन’ असं ठरवलेला व्यायाम तिसऱ्या दिवशी बंद पडतो.

डॉक्टरांनी वेदनाशामक गोळी दिली असेल, तर ती कधी घ्यावी हे त्यांना विचारून ठेवा. बहुतेकदा व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घेतली की पुरेसा व्यायाम करता येतो.

पहिले दोन आठवडे, पलंगावर आणि खुर्चीत:

- दोन्ही पावलं घोट्यातून वर-खाली हलवा, दर तासाला वीस-एक वेळा. पोटरीतलं रक्त वाहतं राहतं.
- पाय सरळ ठेवून गुडघ्याची मागची बाजू गादीवर दाबा. पाच आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा.
- टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून गुडघा खाली सरळ होऊ द्या. पाच-दहा मिनिटं तसेच पडून राहा. हा व्यायाम दिसायला आळशी वाटतो, पण शून्य अंश गाठायला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.
- टाच गादीवरून घसरत आपल्याकडे आणा, हळूहळू परत न्या. टाचेखाली प्लास्टिकची पिशवी ठेवली तर सहज घसरते.
- खुर्चीत बसून पाऊल मागे सरकवा. दुसऱ्या पायानं हलकासा रेटा द्या.
- दर तासाला उठून वॉकर धरून घरातल्या घरात चाला.

बहुतेकांचे टाके बारा ते चौदा दिवसांनी काढतात. तोवर साधारण ९० अंशांचं लक्ष्य ठेवतात. तुमचा गुडघा ७५ ला असेल तर घाबरून जाऊ नका, पण फिजिओथेरपिस्टना कळवा आणि खुर्चीतला व्यायाम दिवसातून एकदा वाढवा.

दोन ते सहा आठवडे: वरचं सगळं चालू ठेवून त्यात ओट्याला किंवा खिडकीच्या कठड्याला धरून उभ्यानं करायचे व्यायाम वाढवा. टाचा उचलणं, गुडघा थोडासा वाकवून पुन्हा सरळ होणं, ठेंगण्या पायरीवर चढ-उतार. वॉकर सोडून काठी कधी घ्यायची हे फिजिओथेरपिस्ट ठरवतील. काठी शस्त्रक्रिया झालेल्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. बहुतेक जण उलट धरतात.

जिन्याचा नियम पाठच करा: चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी खाली. कठड्याचा आधार कायम. दोन्ही गुडघे एकदम बदलले असतील, तर त्यातल्या त्यात बळकट पायाला चांगला पाय समजा, आणि सगळीकडे दोन-तीन आठवडे जास्त धरून चला.

सहा ते बारा आठवडे: जागच्या जागी चालवायची सायकल, लांब फेऱ्या, खुर्चीवरून हात न टेकता उठणं. सायकलचं पायडल पूर्ण फिरायला गुडघा सुमारे १०० ते ११० अंश वाकावा लागतो. तोवर अर्धा फेरा पुढे आणि अर्धा मागे, एवढंही पुरे.

तिसऱ्या ते आठव्या आठवड्यातला अवघड काळ

पहिल्या पंधरवड्यात सुधारणा रोज दिसते. काल पलंगावरून उठता येत नव्हतं, आज आलं. पाहुणे येतात, विचारपूस होते, घरातलं कुणीतरी रजेवर असतं. मग तिसरा-चौथा आठवडा येतो. पाहुणे थांबतात, मुलगा कामावर जातो. गुडघा ९५ वर आठवडाभर अडून बसतो. संध्याकाळी सूज चढते, रात्री कूस बदलली की जाग येते. याच वेळी बहुतेकांचा व्यायाम सुटतो, आणि पुढे आखडलेल्या गुडघ्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांत हीच मंडळी जास्त असतात.

म्हणून या काळाबद्दल आधीच सांगून ठेवतो. रात्रीची झोपमोड बहुतेकांना सहा आठवड्यांपर्यंत, काहींना त्याहून जास्त जाणवते. सूज आणि गुडघ्याची कोमट ऊब तीन ते सहा महिने राहू शकते. जखमेच्या बाहेरच्या बाजूला त्वचा बधिर लागते आणि ती बराच काळ, कधी कायमची तशी राहते. चालताना आत ‘टक’ असा आवाज येतो, कारण आता तिथे धातू आणि प्लास्टिक आहे. याचा अर्थ शस्त्रक्रिया फसली असा होत नाही. मन खचणंही नवलाचं नाही. रडू येत असेल, जेवण नकोसं झालं असेल, तर डॉक्टरांना तेही सांगा. हा औषधोपचाराचाच भाग आहे.

प्रगती डोळ्यांना दिसत नाही तेव्हा मोजून पाहा. घरच्या घरी मोजायचे मार्ग सोपे आहेत:

- ठरलेल्या खुर्चीत पाठ टेकून बसा, पाऊल जमिनीवरून जमेल तितकं मागे न्या. टाच पोहोचली तिथे फरशीवर खडूनं रेघ मारा. दर रविवारी नवी रेघ. आठवड्यात अर्धा सेंटिमीटर सरकली तरी ती प्रगती आहे.
- पाय पसरून बसा आणि गुडघ्यामागे घडी केलेला रुमाल ठेवा. गुडघा दाबून रुमाल घट्ट धरता येतो का? कुणी ओढला तर निसटतो का?
- खुर्चीवरून पाच वेळा उठायला-बसायला किती सेकंद लागतात ते पंधरा दिवसांतून एकदा पाहा.

रोज मोजू नका. सूज दिवसागणिक कमीजास्त होते आणि आकडा त्याबरोबर हलतो. रोज मोजणारा माणूस उगाच खचतो.

एखादा दिवस पूर्ण चुकला, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट व्यायाम करून तो भरून काढू नका. नेहमीचाच व्यायाम नेहमीच्या वेळी सुरू करा. आणि दुसऱ्याच्या गुडघ्याशी तुलना थांबवा. वय, वजन, मधुमेह, शस्त्रक्रियेआधीची ताकद, एक गुडघा की दोन, यावर प्रत्येकाचा वेग ठरतो. शेजारच्या काकूंची तीन आठवड्यांची गोष्ट खरी असेलही, पण तिच्यावरून तुमच्या गुडघ्याबद्दल काहीच ठरत नाही.

किती दुखणं सोसायचं?

ताण बसल्याचं दुखणं आणि इजा झाल्याचं दुखणं वेगळं ओळखता आलं पाहिजे. व्यायाम करताना ओढ बसते, दुखतं, आणि थांबल्यावर तास-दोन तासांत पूर्वस्थितीवर येतं. एवढं दुखणं सोसायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज आणि वेदना आदल्या दिवसापेक्षा जास्त असेल, तर व्यायाम जास्त झाला. अशा वेळी संख्या निम्मी करा, पूर्ण बंद करू नका. दोन-तीन दिवसांत पुन्हा वाढवा.

व्यायामानंतर पाय हृदयापेक्षा वर राहील असा ठेवून पंधरा-वीस मिनिटं बर्फाचा शेक घ्या. बर्फ आणि त्वचा यांच्यामध्ये कापड हवंच, कारण तिथली त्वचा बधिर असते आणि भाजल्यासारखी इजा कळतही नाही. गरम पिशवीनं सुजलेला गुडघा आणखी सुजतो.

हमखास होणाऱ्या चुका

- गुडघ्याखाली उशी घेऊन झोपणं. बरं वाटतं, पण गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडत जातो. उशी घ्यायचीच असेल तर टाचेखाली घ्या.
- चालण्यालाच व्यायाम समजणं. मोबाइलवर पावलं मोजत पंचविसाव्या दिवशी सोसायटीला दहा फेऱ्या मारल्या की गुडघा सुजतो आणि वाकवण्याचा व्यायाम दोन दिवस बंद पडतो. चालताना गुडघा ७० अंशांपलीकडे वाकत नाही, त्यामुळे कितीही चाललात तरी १०० येणार नाहीत.
- पोटरीला तेल चोळणं. पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल तर जोरात चोळल्यानं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. हाडवैद्याकडून ‘मोकळं’ करून घेणं तर कटाक्षानं टाळा.
- दुसऱ्या कुणीतरी जोर लावून गुडघा वाकवणं. आत रक्तस्राव होतो, स्नायू घाबरून आणखी आवळतात.
- दुखणं वाढलं म्हणून दुकानातून गोळ्या आणून खाणं. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना काही वेदनाशामकं फार महागात पडतात. रक्त पातळ करणारं औषध आपल्या मनानं बंद करणं त्याहून धोक्याचं.
- पाय आपोआप वाकवणारं यंत्र भाड्यानं आणून त्यावर विसंबणं. त्यानं अंतिम फळात लक्षणीय फरक पडत नाही, असं अभ्यासांतून दिसलं आहे. तेच पैसे फिजिओथेरपिस्टच्या चार भेटींवर खर्च करा.

घरच्या मंडळींना

‘तू बस, मी आणते’ हे वाक्य प्रेमाचं आहे, पण सहा आठवडे ऐकलं की माणूस बसूनच राहतो. पाण्याचा तांब्या स्वयंपाकघरातच ठेवा, त्यांना उठून घेऊ द्या. देवपूजा उंच चौरंगावर मांडून खुर्चीत बसून करू द्या. भाजी निवडणं, फोन उचलणं, दार उघडणं ही कामं परत त्यांच्याकडे सोपवा.

घरात मात्र काही बदल तुम्ही आधीच करून ठेवा. सुटी पायपुसणी आणि सतरंज्या उचला. न्हाणीघरात घसरणार नाही अशी रबरी चटई आणि भिंतीला दांडा बसवा. भारतीय पद्धतीचं शौचालय असेल तर त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची मिळते. बसायला उंच आणि हाताची खुर्ची हवी, कारण खोल सोफ्यातून पहिले दोन महिने उठता येत नाही. रात्री स्वच्छतागृहाच्या वाटेवर दिवा ठेवा.

‘आज केलास का व्यायाम?’ असं दिवसातून पाच वेळा विचारण्याऐवजी एका वेळेला शेजारी बसून मोजायला मदत करा.

फिजिओथेरपी कुठे घ्यायची?

घरी येणारे फिजिओथेरपिस्ट पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सोयीचे, विशेषतः लिफ्ट नसलेल्या इमारतीत. नंतर जमत असेल तर दवाखान्यात जा. तिथे साधनं असतात, बाहेर पडणंही होतं. पैशाची किंवा अंतराची अडचण असेल, गावापासून दवाखाना चाळीस किलोमीटरवर असेल, तर आठवड्यातून एक किंवा पंधरा दिवसांतून एक भेट ठरवा. बाकीचे दिवस स्वतः व्यायाम करा. नीट शिकवलेला व्यायाम घरी नियमित करणाऱ्यांचं फळ दवाखान्यात जाणाऱ्यांपेक्षा कमी असतं, असं नाही. भेटीत यंत्र लावून पडून राहण्यातच सगळा वेळ जात असेल आणि गुडघा कुणी मोजतही नसेल, तर माणूस बदला.

फिजिओथेरपिस्टची नोंदणी विचारायला संकोच करू नका. महाराष्ट्रात यासाठी व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद आहे आणि नोंदणी क्रमांक सांगणं ही साधी गोष्ट आहे.

यासाठी थांबू नका

पुढचं काहीही दिसलं तर धीर धरण्याचा प्रश्नच नाही, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला:

- जखमेतून पू किंवा पाणी येणं, लाली पसरत जाणं, थंडी वाजून ताप
- एकाच पोटरीला अचानक सूज, कडकपणा, दाबल्यावर दुखणं
- पडल्यानंतर पायावर वजन घेता न येणं
- आधी वाकणारा गुडघा काही दिवसांत अचानक कमी वाकू लागणं

दम लागणं, छातीत दुखणं किंवा खोकल्यातून रक्त येणं असेल, तर फोनवर वेळ न घालवता थेट जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे.

मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवणं हाही या बारा आठवड्यांचा व्यायामच समजा. जखम भरणं आणि जंतुसंसर्ग टळणं यावर त्याचा थेट परिणाम होतो.

पैसे आणि हक्क

गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर केंद्र सरकारनं १६ ऑगस्ट २०१७ रोजी कमाल मर्यादा घातली. त्या वेळी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची मर्यादा कर सोडून ५४,७२० रुपये होती. पुढे आकड्यांत थोडेफार बदल झाले, म्हणून सध्याचा दर राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाकडून पाहून घ्या. बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखवलेली असली पाहिजे, शिवाय कंपनीचं नाव आणि बॅच क्रमांकही. जास्त आकारणी वाटली तर प्राधिकरणाच्या १८०० १११ २५५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

डिस्चार्जच्या वेळी हे मागून घ्या:

- बसवलेल्या सांध्याच्या भागांचे स्टिकर. पुढे कधी सांधा पुन्हा बदलावा लागला तर हेच उपयोगी पडतात.
- शस्त्रक्रियेची टिपणी आणि डिस्चार्ज कार्ड. वैद्यकीय कागदपत्रांची मागणी केल्यावर ती ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.
- फिजिओथेरपी किती आठवडे घ्यायची, याची सर्जनच्या सहीची लेखी शिफारस.

ही शिफारस फार कामाची आहे. बहुतेक मेडिक्लेम पॉलिसींत डिस्चार्जनंतरचे ६० किंवा ९० दिवसांचे खर्च मिळतात. फिजिओथेरपी त्यात धरली आहे का हे पॉलिसीत वाचा, आणि धरली असेल तर प्रत्येक भेटीची तारखेसह पावती घ्या. कॅशलेस दावा मिटला म्हणजे सगळं संपलं असं समजून अनेक जण हे पैसे सोडून देतात. विमा कंपनीनं दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे विनाशुल्क जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत.

रुग्णाचं वय ७० किंवा अधिक असेल, तर ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. एका कुटुंबात असे एकाहून अधिक ज्येष्ठ असतील तर ही रक्कम त्यांच्यात मिळून असते. तुम्ही निवडलेल्या रुग्णालयात ही शस्त्रक्रिया योजनेत बसते का, हे भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्रांना विचारा.

तीन महिन्यांनंतर

बारा आठवड्यांनी बहुतेक जण काठीशिवाय चालतात. ताकद मात्र वर्षभर वाढत राहते, म्हणून व्यायाम आठवड्यातून तीन-चार दिवस चालूच ठेवा. कार चालवणं साधारण सहा आठवड्यांनंतर, दुचाकी तीन महिन्यांनंतर, दोन्ही सर्जनच्या संमतीनं. जेजुरीच्या पायऱ्या, गड किंवा वारीची वाट मनात असेल, तर ते वर्षाच्या शेवटचं लक्ष्य ठेवा आणि त्याआधी जवळच्या टेकडीवर सवय करा. धावणं आणि उड्या नकोत. दातांचं मोठं काम करून घेण्याआधी दंतवैद्यांना गुडघा बदलल्याचं सांगा.

दीर्घकाळ केलेल्या पाहण्यांनुसार बदललेल्या दहा गुडघ्यांपैकी आठ २५ वर्षांनंतरही काम देत असतात. तुमचा त्यात असावा म्हणून वजन ताब्यात ठेवा आणि वर्षातून एकदा सर्जनना दाखवा. तपासणीला जाताना व्यायामाची वही सोबत न्या. आणि आजच्या चारपैकी एखादा व्यायाम राहिला असेल, तर तो आत्ताच करून घ्या.